बनूला दिलेल्या गोळ्या

१४ ऑक्टोबर, मंगळवार. शेवगाव

चकल्यांचा घाणा निम्म्यावर असताना बनूने झारा खाली ठेवला आणि मागच्या दारात जाऊन बसली. मला वाटलं, चक्कर आली. जाऊन पाहते तर चेहरा लालबुंद, मान-पाठ घामाने निथळतेय आणि बाई पदराने वारा घेतेय. मी लगेच ओळखलं. हा चुलीजवळचा घाम नव्हे, हा पाळी गेल्यावरचा घाम. पण मी एकोणसाठ वर्षांची आहे आणि बनू एकोणचाळीसची. ती माझ्याच हाताखाली चौथीपर्यंत शिकली, तिची जन्मतारीख हजेरीवर मीच लिहिलेली, त्यामुळे हिशेबात चूक नाही.

दर दिवाळीला फराळ करायला ती माझ्याकडे येते आणि दिवाळी झाली की नवऱ्याबरोबर टोळीत ऊस तोडायला जाते. इतक्या वर्षांत मी हे कधी पाहिलं नव्हतं, की पाहून विचारलं नव्हतं, कोण जाणे. आज विचारलं, "असं कधीपासून होतंय गं?"

"पिशवी काढल्यापासनं, बाई. नऊ वर्सं झाली. अंग भडकतं, मंग गार पडतं. राती डोळ्याला डोळा न्हाई. छातीत नुसती धडधड. डागदर म्हनला, रगत कमी हाय."

नऊ वर्षं! मला सात वर्षांपूर्वी हेच सुरू झालं तेव्हा मी दोन महिन्यांतच नगर गाठलं होतं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी हार्मोनच्या गोळ्या लिहून दिल्या, "सहा महिन्यांनी पुन्हा दाखवा" म्हणाल्या. मला गुण इतका आला की पुन्हा दाखवायला जाण्याचं कारणच उरलं नाही. ती चिठ्ठी मी लॅमिनेट करून घेतली आहे. मेडिकलवाला हनुमंत आता ती उलटून बघतही नाही. शिवाय तेव्हाच पेपरच्या पुरवणीत आलं होतं की या गोळीने बाईचं हृदय तरुण राहतं. माझी आई साठीच्या आत हृदयविकारानेच गेली, त्यामुळे मी एकही गोळी चुकवत नाही. आमच्या ह्यांना मात्र कॅल्शियम म्हणून सांगितलंय. रामहरीरावांनी सारी हयात पंचायत समितीत कागद वाचण्यात घालवली, आता पाकिटावरचं एक अक्षर वाचायची त्यांची तयारी नाही. ते माझ्या पथ्यावरच पडलं.

बनूला दोन पाकिटं दिली. रोज एक, जेवणानंतर, कुणाला सांगायचं नाही. तिने ती कपाळाला लावली आणि कमरेच्या पिशवीत ठेवली. मला बरं वाटलं, हे कबूल करते. नोकरी संपल्यापासून कुणाला काही देण्याचा प्रसंगच येत नव्हता.

डबा ठेवायला वर गेले तर जिन्यात खालची डावी दाढ ठणकली. खाली येऊन बसले की थांबते. चकली खाताना दुखत नाही, एवढी मेहेरबानी.

२२ ऑक्टोबर, पाडवा

अंगणात रांगोळी काढताना एकदम दरदरून घाम सुटला, तोही गार. गोळी चुकली की काय म्हणून आत जाऊन पाकीट मोजलं. चुकलेली नाही. ह्यांनी सोडा आणून दिला. "पुष्पा, अनरसे कमी खा," म्हणाले. मी अनरसे दोनच खाल्ले होते. ह्यांनी सहा खाल्ले, त्यांना काही झालं नाही. ओवाळताना ताट जड लागत होतं. दिवाळीचा शीण, दुसरं काय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

बनूची टोळी आज निघाली. कोपरगावच्या बाजूला कारखाना आहे, तिकडे. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, पोरं, पत्रे, सगळं कोंबलेलं. मी मुद्दाम स्टँडपर्यंत चालत गेले. बनूने मला पाहून उडीच मारली खाली.

"बाई, लई दिसांनी झोपले! आमचं मालक म्हनलं, मेली का काय म्हनून हलवून बघितलं."

तिच्या चेहऱ्यावर तरतरी होती, चौथीतली बनू दिसत होती. मी तिला बाजूला घेऊन आणखी सहा पाकिटं दिली. चिठ्ठीवर एका वेळी तीनच मिळतात, पण हनुमंतला म्हटलं, मी पुण्याला लेकीकडे राहायला चालले. सराईतासारखं खोटं बोलले. तिचा नवरा मच्छिंद्र लांबून बघत होता. "काय देतायत बाई?" त्याने विचारलं. "खारका," मी म्हणाले.

परत येताना पेठेतल्या चढावर दाढेने जीव नकोसा केला. जबडा, कानाची पाळी, पार खांद्यापर्यंत कळ. बँकेच्या ओट्यावर टेकले, तर पाच मिनिटांत सगळं शांत.

५ नोव्हेंबर, बुधवार

दातांच्या डॉक्टरांकडे गेले. एक्स-रे काढला. म्हणाले, "काकू, दाढ ठणठणीत आहे. कधी दुखते?" म्हटलं, जिना चढताना. ते हसले. "मग दाढेला जिना चढू देऊ नका." पोरगेलासा आहे, माझा विद्यार्थी असता तर अंगठे धरायला लावले असते. दुसरा डॉक्टर बघायला हवा. हल्ली पदव्या कशा मिळतात कुणास ठाऊक.

९ नोव्हेंबर, रविवार

स्नेहल आली आणि जे व्हायला नको होतं ते झालं. माझी ही लेक पुण्यात औषधांच्या कंपनीत आहे. पापडाचा डबा शोधताना तिच्या हाताला माझं पाकीट लागलं.

"आई, हे तू अजून घेतेस? कुणाच्या सांगण्यावरून?"

मी चिठ्ठी दाखवली. तिने ती उजेडात धरून तारीख वाचली आणि माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मीच गृहपाठ न करता आलेय. मग आतला घडीचा कागद उलगडून भराभर वाचून दाखवला. रक्ताच्या गाठी. पायातली गाठ फुप्फुसात जाणं. हृदयाचा झटका. अर्धांगवायू. म्हणाली, "ब्लडप्रेशर, साखर, सगळं बघून ही गोळी देतात, आणि दरवर्षी पुन्हा बघतात. तू शेवटचं ब्लडप्रेशर कधी मोजलंस?"

म्हटलं, "अगं, हृदयासाठीच तर घेते."

"हृदयासाठी ही गोळी कुणी देत नाही, आई."

पुढे ती बरंच बोलली. मला ऐकू येत नव्हतं. माझ्या डोळ्यांपुढे बनूची कमरेची पिशवी होती. ती उसाच्या फडात राबणार, पाणी पुरेसं पिणार नाही, आणि रोज रात्री जेवण झालं की बाईंनी दिलेली गोळी गिळणार. आठ पाकिटं! मला सात वर्षांत काही झालं नाही, म्हणजे मला ती सोसते. पण तिला सोसेलच कशावरून? तिला मी ना डॉक्टरांना दाखवलं, ना काही विचारलं.

स्नेहलला बनूचं सांगितलं नाही. उद्या तिच्याबरोबर जाऊन ब्लडप्रेशर मोजायचं कबूल केलंय, पण सकाळची गाडी धरायला ती घाईत निघेल, हे मला ठाऊक आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

मच्छिंद्रचा मोबाईल बंद. सहा वेळा लावला. स्नेहल गेली. "डॉक्टरांकडे जा" असं दारातून तीनदा म्हणाली. ह्यांनी तिला वचन दिलं की मी नेतो, आणि लगेच पेपर उघडला.

१२ नोव्हेंबर, बुधवार

फोन लागला. लागला नसता तर बरं, असं वाटतंय.

"बनू कशी आहे?" विचारलं, तर मच्छिंद्र म्हणाला, "कशाची बरी बाई! पाय हा असा सुजलाय. छातीत कळ येती म्हनती, दम घेता येत न्हाई. दोन दिस कोपीतच पडून हुती. आता जाती कामावर, पन लंगडत."

सुजलेला पाय, छातीत कळ, दम. आधी पायात गाठ, मग ती फुप्फुसात, स्नेहलने वाचलेल्या कागदावर हेच होतं.

आता खरं लिहिते, इथे तरी लिहायलाच हवं. मी त्याला सांगायला हवं होतं की बनूकडच्या गोळ्या बंद करा आणि तिला आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. तोंडापर्यंत आलं होतं. पण मच्छिंद्रला गोळ्या माहीत नाहीत. तो म्हणेल, बाईंनी इख दिलं. टोळीत बोभाटा होईल, मग गावात होईल, मग शाळेत होईल. मी म्हणाले, "तिला दवाखान्यात दाखव." तो म्हणाला, "बघू, खाडा पडतो." खाडा म्हणजे कामाचा बुडालेला दिवस. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता धरतात, त्यातलं एक बसलं की दोघांचाही दिवस गेला. "बरं," म्हणून मी फोन ठेवला.

तीस वर्षं मुलांना शिकवलं की चूक झाली तर उभं राहून सांगायचं.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

जेवण जात नाही. पोटाच्या वर जळजळतं, पाठीत दोन खांद्यांच्या मध्ये आवळल्यासारखं होतं. ह्यांनी ओवा दिला. मी ह्यांना सांगून टाकलं की मी कोपरगावला जातेय, बनू आजारी आहे. "तू काय डॉक्टर आहेस?" म्हणाले. नाही, मी डॉक्टर नाही, तेच तर सगळं दुखणं आहे! ओरडले त्यांच्यावर. ओरडल्यावर धाप लागली. ते घाबरून सकाळच्या एस.टी.ची वेळ विचारायला गेले.

स्वतःची गोळी घ्यायला हातात घेतली आणि थबकले. मग घेतली. इतकं सगळं चाललेलं असताना घामाची आणखी भर नको.

१५ नोव्हेंबर, शनिवार. नेवासा स्टँड

गाडी बदलायला थांबलेय. श्रीरामपूरची गाडी लागायची आहे, पुढे कोपरगाव. डाव्या खांद्याला पर्स अडकवली म्हणून हात भरून आलाय, उजवीकडे घेतली तरी तो जडच आहे. बनू जिवंत असू दे. एवढंच मागणं आहे. तिला भेटले की सगळ्यांसमक्ष सांगणार, मच्छिंद्रसमोरही.

१९ नोव्हेंबर, बुधवार. कोपरगाव, दवाखाना

हाताला सलाईनची सुई आहे, म्हणून अक्षर असं. पण लिहून ठेवते, नाहीतर बातमी कळून धावत आलेल्या ह्यांच्या तोंडून वेगळीच कहाणी तयार होईल.

शनिवारी दुपारी कोप्यांवर पोहोचले. पाचटाच्या त्या झोपड्यांत म्हातारी माणसं आणि शेळ्या होत्या, बाकी सगळे फडात. रिक्षावाल्याने बांधापर्यंत सोडलं. तिथून आत चालत जायचं. ढेकळं, तोडलेल्या उसाचे बुडखे, ऊन. शंभर पावलांत दाढ सुरू झाली. मी म्हटलं, दुखू दे मेली.

बनू दिसली. फळीवरून ट्रॉलीवर चढत होती, डोक्यावर उसाची मोळी! मी हाक मारली तशी मोळी टाकून लंगडत आली. "बाई! तुमी हितं?"

मी तिला पाय दाखव म्हणाले. घोट्याला चिंधी बांधलेली. "बुडखा घुसला, बाई. पिकला हुता, आता बसलाय." छातीत कळ? "फळीवरनं मोळीसकट खाली आले, बरगडीला लागलं. खोकलं की कळ येती." ती हसत होती. मी तिच्या दंडाला धरून विचारलं, "आणि गोळ्या? किती राहिल्या?"

"संपल्या."

"आठ पाकिटं? बने, खरं सांग!"

तिने मागे पाहिलं. चार-पाच बायका कोयते घेऊन जवळ आल्या होत्या. "आमच्या टोळीत अकरा जनी अशाच हायत, बाई. सगळ्यांच्या पिशव्या काढल्यात. कुनाला झोप न्हाई, सगळ्यांचं अंग भडकतं. मी एकलीच कशी झोपू? वाटून खाल्ल्या."

मी किती मोठ्याने ओरडले ते मला आठवत नाही. बनू सांगते की मी "अकरा! अकरा!" एवढंच म्हणत होते. मग छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं, गार घाम सुटला आणि मला पाचटाचा वास एकदम जवळून आला. मी खाली पडले होते. "बाई, डोळं मिटू नका! मिटायचं न्हाई!" बनू माझ्या गालावर चापट्या मारत होती, आणि मुकादमाच्या गाडीसमोर आडवी उभी राहून तिनेच गाडी थांबवली म्हणे. दवाखान्यात येईपर्यंत तिने माझा हात सोडला नाही.

हृदयाचा झटका होता. बनूला नाही, मला. एका रक्तवाहिनीत स्टेंट घातला आहे.

२० नोव्हेंबर, गुरुवार

इथल्या डॉक्टर पंकजाबाई बारीकसारीक विचारतात. "काकू, आधी काही त्रास? चढताना, चालताना?" मी म्हटलं, छे, फक्त दाढ दुखायची. जिना चढताना. त्या लिहायच्या थांबल्या. "बसलं की थांबायची?" हो. "गार घाम? पाठीत आवळणं? हात जड?" मी हो, हो म्हणत गेले आणि म्हणता म्हणता माझ्याच लक्षात आलं. बायकांचं हृदय पुष्कळदा असंच बोलतं, म्हणाल्या. महिनाभर ते माझ्याशी बोलत होतं आणि मी दातांच्या डॉक्टरच्या पदवीला नावं ठेवत बसले होते.

"कुठल्या गोळ्या चालू होत्या?"

ह्यांनी तत्परतेने सांगितलं, "फक्त कॅल्शियम."

स्नेहल पुण्याहून येऊन कोपऱ्यात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं. सात वर्षं, लॅमिनेट केलेली चिठ्ठी, एकदाही न मोजलेलं ब्लडप्रेशर. इथे आले तेव्हा ते एकशे नव्वद होतं. ह्यांचा चेहरा इतका पडला की मला त्या अवस्थेतही वाईट वाटलं.

"गोळीनेच झालं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "आईची हिस्टरी, ब्लडप्रेशर, कोलेस्टेरॉल, सगळंच होतं. पण ही गोळी घाम आणि झोपेसाठी असते. ती हृदयाची राखण करते असं समजून तुम्ही बाकी काहीच पाहिलं नाहीत. आता ती बंद."

मग मी अकरा जणींचं सांगितलं. वाटलं, आता या पोलिसांनाच बोलावतील. त्या खुर्ची ओढून बसल्या. "ऑपरेशन झालं तेव्हा बनूबाईंचं वय काय होतं?"

"तीस."

"पिशवीबरोबर अंडाशयंही काढली का?"

मला ठाऊक नव्हतं. बनूलाही नसणार. डॉक्टर म्हणाल्या, "काढली असतील तर तिचं हृदय आणि हाडं तेव्हापासूनच म्हातारी व्हायला लागली आहेत. इतक्या लवकर सगळं थांबलं तर पन्नाशीपर्यंत हार्मोन द्यायचे असतात, नीट तपासून. तुम्ही दिलेली पद्धत चूक, काकू. पण ते औषध तिला नऊ वर्षांपूर्वीच कुणीतरी द्यायला हवं होतं. त्यांना घेऊन या. मी बघते सगळ्यांना."

मी सुटले असं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. नऊ वर्षांपूर्वी, हे शब्द कुठेतरी टोचत राहिले.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

बनू काम उरकून आली. अंगाला उसाची कुसळं तशीच. नर्सने तिला दारातच अडवलं, मी भांडून आत घेतलं. डॉक्टरांचं सांगितलं, तर चेहरा दगडासारखा केला.

"न्हाई, बाई. आता माज्या अंगाला कुनी हात लावायचा न्हाई. मागं असंच 'तपासू' म्हनलं हुतं. पिशवी खराब झाली, कॅन्सर हुईल, काढा म्हनलं. मुकादम म्हनला, बरंच हाय, पाळीचा खाडा पडायचा न्हाई. काढली. एका वळीत तिघीजनी निजवल्या हुत्या."

"ह्या डॉक्टर तशा नाहीत गं."

"ते बी गोडच बोललं हुतं."

मी म्हणाले, मग मी शेवगावला जाणार नाही, इथेच पडून राहीन. स्नेहलने कपाळाला हात लावला. बनू म्हणाली, "तुमी पैल्यापासनं हट्टीच," आणि माझ्या पायावरची चादर नीट करून निघून गेली.

तिची छाती धडधडते. ती अवघी एकोणचाळीसची आहे. मला भीती वाटते, आणि आता ती माझ्या नावासाठी नाही, बनूसाठीच आहे.

२३ नोव्हेंबर, रविवार

कारखान्याचा बॉयलर बंद पडला म्हणून आज तोडी नव्हती. सकाळी दहाला दवाखान्यासमोर ट्रॅक्टरची ट्रॉली उभी राहिली आणि त्यातून बायका उतरल्या. अकरा. बनूने आणल्या होत्या. त्यांना पाठवायचं आणि आपण बाहेर थांबायचं, असा तिचा बेत होता.

स्नेहलने मला चाकाच्या खुर्चीवरून ओपीडीत नेलं. डॉक्टर एकेकीला समोर बसवून तेच चार प्रश्न विचारत होत्या. नाव. आत्ताचं वय. ऑपरेशनचं वय. कागद आहेत का. आरती, बत्तीस, ऑपरेशन पंचविसाव्या वर्षी, कागद नाहीत. भीमाबाई, चव्वेचाळीस, ऑपरेशन एकतिसाव्या वर्षी, कागद नाहीत. बायडाबाईला आपलं वय सांगता येईना, "माज्या धाकट्याच्या जावळाच्या वक्ती काढली" म्हणाली. चौघींचं ब्लडप्रेशर वाढलेलं निघालं. प्रत्येकीची सोनोग्राफी, रक्त, ईसीजी करायचं ठरलं, मग ज्यांना देता येतील त्यांना हार्मोन. ह्यांनी एक वही घेतली आणि बारीक अक्षरात नावांची यादी करायला बसले. कारकुनीचं सार्थक झालं त्यांच्या.

दहा जणी झाल्या. बनू दारात उभी होती, आत येईना. डॉक्टरांनी उठून तिला बसवलं नाही, जागेवरूनच विचारलं, "तुम्हाला हात लावत नाही. नुसतं बोलू. ऑपरेशनआधी तुम्ही आणखी कुणाला विचारलं होतं? दुसरा डॉक्टर, नर्स, कुणी जाणतं माणूस?"

बनूने माझ्याकडे पाहिलं. एकच क्षण. मग खाली बघून म्हणाली, "न्हाई. कुनाला न्हाई."

आणि मला आठवलं. सगळं एकदम, पाण्यासारखं स्वच्छ. शाळेची मधली सुट्टी, मी शिष्यवृत्तीचे पेपर तपासत बसलेले, आणि बनू वर्गाच्या दारात अशीच उभी. आत न येता. बाई, डागदर पिशवी काढा म्हनतोय, काय करू? मी मानही वर केली नव्हती. म्हणाले होते, "काढून टाक. दोन मुलं झाली ना? आता काय करायचीय ती पिशवी? कटकट गेली." पेपरवर लाल पेनने गुण देत देत. तिच्या पिशवीला कटकट म्हणणारी मी, आणि स्वतःची पाळी गेली तेव्हा नगरपर्यंत धावलेली मी.

ती मला वाचवत होती. डॉक्टरांसमोर, लेकीसमोर, नवऱ्यासमोर ती माझी लाज राखत होती. मी गप्प बसले असते तर कुणालाही कळलं नसतं. मच्छिंद्रला फोन लागला तेव्हाही मी गप्पच बसले होते.

"मला विचारलं होतं तिने," मी म्हणाले. "मी म्हणाले होते, काढून टाक."

स्नेहलचा खुर्चीवरचा हात सुटला. ह्यांनी वहीवरून मान वर केली. मला रडू फुटलं, आणि स्टेंट घातलेल्या बाईने रडायचं नसतं म्हणून नर्स धावत आली. तिला मी हाताने लांब केलं.

बनू आत आली आणि माझ्या खुर्चीजवळ खाली बसली.

"मला वाटलं हुतं, तुमी इसरला."

"विसरलेच होते गं," मी म्हणाले. "आत्ता आठवलं."

बाहेर ट्रॉलीत बाकीच्या बायका भाकऱ्या सोडून बसल्या होत्या, त्यांचं हसणं आत ऐकू येत होतं. मग बनू उठली, डॉक्टरांसमोरच्या स्टुलावर जाऊन बसली, बाही वर सारली आणि हात पुढे केला.

"मोजा," म्हणाली. "पन बाई हितंच बसत्याल."

मी बसले.